नवरदेव नसलेल्या वरातीत कसं नाचायचं

गेल्या महिन्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला. शिरपूर सोडून त्याला जेमतेम चार महिने झालेत. "मामा, शनवारे दोस्त क्लबमा चालनात. मी काय करसू तठे? माले नाचता येत नही."

आता हाच पोरगा चुलत बहिणीच्या हळदीत रात्री एकपर्यंत नाचला होता. (दहाच्या नियमाचं काय झालं ते विचारू नका.) अंगातला शर्ट पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. मी आठवण करून दिली, तर म्हणे, "ते वेगळं शे ना मामा."

वेगळं काय, ते मला फोनवर धड सांगता आलं नाही. अर्धा तास बोललो, त्यातली वीस मिनिटं बुटांवर गेली. म्हणून लिहून काढतोय. त्याच्यासाठी, आणि जळगाव-धुळे-नंदुरबारहून ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थवर आडवं होऊन पुण्या-मुंबईला जाणाऱ्या बाकीच्यांसाठीही.

मी स्वतः बेताचाच नाचतो. माझं काम नाचणाऱ्यांकडे तोंड करून उभं राहण्याचं. नऊ वर्षं शिरपूर-चोपडा-शहादा पट्ट्यात लग्नाच्या डीजेच्या गाडीवर होतो. नंतर सात वर्षं पुण्यात एका क्लबात साउंड सांभाळला. आता गावी आहे. चार बेस (खालच्या आवाजाचे स्पीकर), चार टॉप (वरच्या आवाजाचे), एक मिक्सर आणि एक कुरकुरणारा जनरेटर, एवढं भाड्याने देतो. सोळा वर्षांत माणसांची तोंडं फार लक्षात राहिली नाहीत, पाय राहिले.

वरातीत प्रत्येकाला नाचायला कारण असतं, आणि ते कारण घोड्यावर बसलेलं असतं. मामा नाचतो कारण तो मामा. जावयाला ओढतात कारण तो जावई. ज्याला काहीच येत नाही त्यालाही चौघं धरून आत घेतात, तो रुमाल दातात धरून नागीण करतो, पोरं हसतात, त्याची हजेरी लागते. क्लबात घोडा नाही. तुम्ही तिथे कोणाचे कोणी लागत नाही. आत पाऊल टाकलं की आपल्याकडच्या माणसाचे डोळे आधी नवरदेव शोधतात. तो सापडला नाही की माणूस डीजेकडे तोंड करून खांबासारखा उभा राहतो, नाहीतर मोबाइल वर धरतो, नाहीतर बारच्या कडेला जाऊन टेकतो. सात वर्षं मी हेच पाहिलं.

ही बिननवरदेवाची वरात उगाच निघालेली नाही. १४ फेब्रुवारी १९७० ला न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो नावाच्या माणसाने स्वतःच्या राहत्या जागेत लोकांना नाचायला बोलावलं. ज्यांना निमंत्रण त्यांनाच प्रवेश, दारूची विक्री नाही, खायला ठेवलेलं, छताला फुगे. येणाऱ्यांत काळे, लॅटिनो, गोरे सगळे, आणि पुष्कळसे समलिंगी. त्या काळी त्या शहरात दोन पुरुष एकत्र नाचताना दिसले तर पोलिसांची धाड पडायची. पुढे १९७७ मध्ये शिकागोत वेअरहाऊस नावाचा क्लब निघाला. तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्डी लावायचा, गर्दी बहुतेक काळ्या आणि लॅटिनो समलिंगी पोरांची. त्या वेअरहाऊसच्या शेपटातूनच 'हाऊस' हे संगीताचं नाव आलं असं मानतात. या लोकांना घरच्या वरातीत कोण नाचू देणार? नात्यातलं कारण मिळणार नव्हतं, तेव्हा त्यांनी कारणाशिवाय नाचायची जागा केली. क्लबात गेल्यावर आपण त्यांच्या ओट्यावर उभे आहोत, एवढं भाच्याने लक्षात ठेवलं तरी त्याची निम्मी चूक टळेल.

आता कामाचं.

निघण्याआधी

संध्याकाळी सात वाजता हलकं जेवा. वरण-बट्टी खाऊन जाऊ नका. बट्टी पोटात बसते आणि तुम्हालाही बसवते. बूट जुने, पायाला सरावलेले. चप्पल-सँडलवर दारातूनच परत पाठवतात. एकट्या पोरांच्या टोळक्याला, ज्याला तिथे 'स्टॅग' म्हणतात, बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत किंवा जास्त पैसे घेतात. आधी फोन करून विचारा, दारात वाद घालू नका. ओळखपत्र खिशात हवं. महाराष्ट्रात बिअरला वय २१ लागतं आणि कडक दारूला २५. भाचा बावीसचा आहे, म्हणजे व्हिस्कीचा विषय अजून तीन वर्षं निघत नाही. बिअरचंही सांगतो: प्यायलेला माणूस ठेक्याच्या मागे पडतो. त्याला वाटतं आपण फार जोरात आहोत, पण साउंडवाल्याच्या कन्सोलवरून स्पष्ट दिसतं की त्याचा पाय अर्ध्या ठोक्याने उशिरा पडतोय.

नाचायच्या तयारीचं म्हणाल तर काठी गावच्या होळीइतकी तयारी मी कुठेच पाहिली नाही. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातलं काठी, तिथली राजवाडी होळी. चोवीस वर्षांचा असताना मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो होतो. आमच्या गाडीवर तेव्हा नवे बेस आले होते, त्यामुळे डोक्यात हवा होती. तिथे ना बेस, ना जनरेटर. मोठमोठे ढोल, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं बांधलेली माणसं, अंगावर पांढरी नक्षी, डोक्याला मोरपिसांचे टोप. रात्रभर नाच, आणि होळी पेटते ती पहाटे. नवसाची माणसं त्याआधी दिवसचे दिवस पाळणी पाळतात. खाटेवर झोपायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं, पायात काही घालायचं नाही. पहाटे तीनला माझे गुडघे बोलायला लागले होते आणि माझ्या वडिलांच्या वयाची माणसं घुंगरं वाजवत समोरून फेर धरून चालली होती. मी चहा प्यायला जागा शोधत होतो.

तुम्ही पाच दिवस जमिनीवर झोपा असं मी म्हणत नाही. क्लब आणि काठी एका तराजूत घालायचाही माझा विचार नाही; तिथे देव आहे, इथे गल्ला आहे. पण रात्रभर नाचायचं असेल तर दुपारपासून थोडं काहीतरी पाळावं लागतं, हे मी तिथून उचललं. दुपारी दोन तास झोपा. संध्याकाळी सातनंतर मोबाइल खिशाबाहेर काढू नका. एवढी पाळणी पुरे.

आत गेल्यावर

लवकर जा. साडेदहा. फ्लोअर रिकामा असतो आणि लाज वाटते, म्हणूनच जा. सुरुवातीचा डीजे मिनिटाला ११८-१२० ठोक्यांवर वाजवतो, आवाज बेताचा असतो. पायांची जमिनीशी ओळख व्हायला ही वेळ चांगली. बाराला भरलेल्या फ्लोअरवर थेट उतरणं म्हणजे पोहायला न येता तापीच्या डोहात उडी.

उभं कुठे राहायचं? आपल्याकडे सवय आहे स्पीकरला छाती लावून नाचायची. उघड्या रस्त्यावर ते एक वेळ चालतं, कारण तिथे बेस आभाळात निघून जातो. बंद खोलीत तो जात नाही. पन्नास हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. ती भिंतीवर आपटून परत येते आणि कोपऱ्यात साचते. म्हणून कोपऱ्यात नुसता घुमारा ऐकू येतो, ठोका सुटा कळत नाही. दोन्ही बाजूंच्या स्पीकरांच्या मधोमध, खोलीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात उभे राहा. कुठल्याही क्लबात साउंडवाला आवाज तपासायला तिथेच येऊन उभा राहतो.

आणि कानात बोळे घाला. औषधाच्या दुकानात फोमचे मिळतात, वडापावपेक्षा महाग नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे, आणि आमच्या लग्नाच्या गाडीपुढे उभं राहणारा माणूस ती पहिल्याच गाण्यात ओलांडतो. माझ्या डाव्या कानात रात्री झोपताना रातकिडा ओरडतो. तो शेतातला नाही. नऊ वर्षं टॉपच्या डाव्या बाजूला उभा होतो, त्याचा आहे. ज्या मालकाकडे होतो त्याने बोळे कधी दिले नाहीत आणि मीही मागितले नाहीत, कारण ते घालणाऱ्याला पोरं हसायची.

मोजायचं कसं

आपल्या पुष्कळ गाण्यांचा ठेका सहाच्या अंगाने झोके घेत चालतो. म्हणून आपला खांदा आधी हलतो. हाऊसमध्ये ठोका सरळ: धम्, धम्, धम्, धम्. चारही सारखे. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं. पहिले तीन महिने मला वाटायचं की कोणीतरी शेजारी भिंतीत खिळा ठोकतंय.

मग मोजायला लागलो. चार ठोक्यांचा एक घास. असे आठ घास म्हणजे बत्तीस ठोके. बत्तीस झाले की बहुधा काहीतरी आत येतं किंवा बाहेर जातं: टाळी येते, झांज जाते, एखादा सूर उगवतो. भजनात ध्रुपद परत येणार हे टाळकऱ्याला आधीच कळतं ना, तसं पंधरा मिनिटांत तुम्हालाही कळायला लागेल. मग डीजे बेसचं बटन फिरवून खालचा आवाज काढून घेतो. नवखा माणूस इथे फसतो. त्याला वाटतं गाणं संपलं, आणि तो पाण्याला जातो. जाऊ नका. थांबा, श्वास घ्या, गुडघे मोकळे करा. शेजारचे काय करतात बघा. सगळे एकाच गोष्टीची वाट बघत असतात आणि कोणी बोलत नाही. बेस परत येतो तेव्हा शंभर माणसांचे गुडघे एकदम वाकतात. वरातीत असं एकदम होताना मी क्वचित पाहिलं, कारण तिथे प्रत्येक जण आपापलं कौशल्य दाखवत असतो.

अंगाचं म्हणाल तर गुडघ्यापासून सुरू करा. पाय खांद्यांएवढ्या अंतरावर, गुडघे सैल, वजन या पायावरून त्या पायावर. तुमची जागा दोन फरशांची आहे. वरातीत आपण पुढे सरकत नाचतो, गाडी ओढते तसं. इथे सरकलात तर कोणाच्या तरी पायावर जाल. हात कमरेच्या वर, खांद्याच्या खाली. डोकं सगळ्यात शेवटी हलवा किंवा हलवूच नका. दमलात तर दर दुसऱ्या ठोक्यावर हला. निम्म्या वेगाने माणूस चार तास टिकतो, आणि बघणाऱ्याला तो जास्त जाणता वाटतो. नागीण, पतंग, कोंबडा घरी ठेवून या. ज्यांना कोंबडा खरोखरच चांगला येतो त्यांनी आणला तरी चालेल.

गाण्याची फर्माईश करू नका. आपल्याकडे दहाची नोट गाडीवर टाकून "भो, ते लाव ना" म्हणायची रीत आहे. माझी निम्मी चहा-बिडी त्यावर चालली. क्लबातला डीजे दोन तासांचा एक सलग रस्ता बांधत असतो. मधेच तुमच्या गावचा फाटा त्याला घेता येत नाही.

हात धरून ओढू नका

हे भाच्याला मी दोनदा सांगितलं, इथे तिसऱ्यांदा. आपल्याकडे हात धरून ओढणं म्हणजे मान. न ओढलेला पाहुणा रुसून बसतो. क्लबात तीच गोष्ट अंगावर जाणं ठरते, आणि बाईच्या बाबतीत तर गुन्हाच. मी असताना आपल्याच बाजूचा एक पोरगा होता, बोलीवरून लगेच ओळखू आला. दोन मुली आपापल्या नाचत होत्या. याने मित्रांना घेऊन त्यांच्याभोवती गोल केला, शिट्ट्या सुरू केल्या. बाउन्सरांनी पाच मिनिटांत बाहेर काढला. जिन्यात म्हणत होता, "आमच्याकडं असंच असतं." खोटं बोलत नव्हता. पण आमच्याकडच्या त्या गोलातून बाहेर पडायची बाईला सोय नसते, हे त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. मी गाडीवरून पाहिलेलं होतं. बायांसाठी म्हणून एक गाणं लावायचं, पुरुषांनी कडं करून बघायचं, गाणं संपलं की बाया मागे. आणि काही जणी ओट्यावरच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

कोणाबरोबर नाचावंसं वाटलं तर एक हात अंतरावर उभे राहून त्याच ठेक्यावर या. समोरच्याने मान हलवली तर ठीक. पाठ फिरवली तर तुमची पाठही फिरू द्या.

क्लबात नाचायचं कसं हे मी शिकलो ते एका नर्सबाईंकडून. महिन्यातून दोनदा, शनिवारची ड्युटी संपवून एकट्या यायच्या. पन्नाशीच्या असाव्यात. पाण्याची बाटली, कापडी बूट. उजवीकडच्या खांबापाशी दोन तास, कोणाकडे न बघता आणि कोणाला न टाळता. मी एकदा विचारलं, एकट्या कशा येता? त्या म्हणाल्या, वॉर्डात दिवसभर मीच सगळ्यांची कोणीतरी असते, इथे कोणाची नाही. २०१५ मध्ये छापून आलेला एक प्रयोगही त्यांनीच सांगितला: ऑक्सफर्डच्या मंडळींनी ब्राझीलमध्ये शाळकरी मुलांना गटागटाने नाचवलं, मग रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळून बघितलं की किती दाब सोसवतो. एका तालावर नाचलेल्यांना जास्त सोसवला, आणि गटातली मुलं एकमेकांना जवळचीही वाटायला लागली. नर्सबाईंना पट्ट्याची गंमत वाटायची. "रोज आवळते मी तो," म्हणायच्या.

उतरायचंही शिकून घ्या. आमच्याकडे दीडला दिवे लागायचे. निम्मे लोक सव्वाला पळतात, रिक्षा मिळावी म्हणून. थांबा. शेवटची पंधरा मिनिटं अनुभवी डीजे वेग तसाच ठेवून गाणी मऊ करतो आणि घामेजलेली अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून हसतात. बाहेर आल्यावर पाणी प्या, थोडं चाला, मग गाडी बघा. पहाटेचे पोहे खाल्ल्याशिवाय झोपू नका.

आणि क्लब नसेल तर

आमच्या गावात क्लब नाही, व्हावा असंही मला वाटत नाही. पण गेल्या मार्चमध्ये कापूस विकून शेड रिकामं झालं तेव्हा खळ्यात एक प्रयोग केला. कोणाला करायचा असेल तर असा करा. वीस-पंचवीस माणसं, जास्त नको. दोन टॉप, एक बेस, बेस भिंतीपासून दूर. संध्याकाळी सातला सुरू, दहाच्या आत बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि गावात पोलिसांआधी शेजारी येतात, म्हणून त्यांनाच बोलवून ठेवा. स्टेज करू नका. मिक्सर कोपऱ्यात, पोत्यांच्या थप्पीमागे. वाजवणारा दिसलाच नाही पाहिजे, नाहीतर सगळे त्याच्याकडे तोंड करतात. एकच पिवळा दिवा, तोही भिंतीकडे वळवलेला. मोबाइल दाराशी टोपल्यात. पाण्याचा माठ आत. निमित्त काही सांगायचं नाही. वाढदिवस नाही, सत्कार नाही, जयंती नाही. "कसाना कार्यक्रम शे?" असं अकरा जणांनी विचारलं. मी म्हटलं, "कशाचाच नाही." दोघं तेवढ्यावरच परत गेले.

पहिला अर्धा तास कोणी हललं नाही. पुरुष एका भिंतीला, बाया दुसऱ्या. मी ११८ वर ठेवलं, आवाज मुद्दाम कमी. मग भावाची पोरगी सुरू झाली, तिच्या मागे दोन मैत्रिणी, मग पोरं. वीस मिनिटांनी पहिल्यांदा बेस काढून घेतला. खळ्यात बावीस माणसं श्वास धरून उभी, बाहेर कुठेतरी म्हैस ओरडली, आणि बेस सोडला.

माझी आक्का दाराशी खाटेवर बसली होती. अडुसष्ट वर्षांची. तिशीच्या आत विधवा झाली. आमच्या घरातल्या प्रत्येक वरातीला ती ओट्यावर असायची आणि मी गाडीवर, त्यामुळे आमची नजरानजर व्हायची. आमच्याकडच्या कानबाई देवीच्या विसर्जनाला नदीपर्यंत चालत यायची, पण फुगड्यांच्या वेळी बाकीच्यांच्या चपला सांभाळायची. त्या दिवशी साडेआठच्या सुमाराला ती उठली. कोणी हात धरला नाही, कोणी "ये ना वं" म्हटलं नाही. मीच तसं आधी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. पदर खोचला, शेडच्या मधोमध आली आणि एका जागेवर डोलायला लागली. बरोबर निम्म्या वेगाने, दर दुसऱ्या ठोक्यावर. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी थप्पीमागे होतो. ठोका १२२ वर होता, तो तसाच ठेवला. चांगली पाऊण तास नाचली. नंतर माठातलं पाणी पिऊन परत खाटेवर बसली आणि पाय चोळत मला म्हणाली, "भाऊ, तुना तो रातकिडा आज आयकू येस का?"

रविवारी सकाळी नऊला भाच्याचा मेसेज आला: "मामा पाय दुखी ऱ्हायनात." पोहे खाल्ले का, विचारलं. दोन प्लेट, म्हणे.